‘लोड रनर’ आणि पटरचनेचा अधिकार : गृहसंगणकीय कोडेखेळांच्या इतिहासातील एक प्रकरण

खेळांच्या इतिहासात खेळाडूंविषयी पुष्कळ लिहिले जाते, खेळ निर्माण करणारांविषयी त्याहून थोडे, आणि खेळाचा पट मांडणारांविषयी जवळजवळ काहीच लिहिले जात नाही. मोक्षपटाचे जुने हस्तलिखित पट संग्रहांतून पाहावयास मिळतात. परंतु अमुक घरातील साप अमुक लांबीचा का आणि तो तेथे कोणाच्या हाताने पडला, हे त्या पटांवरून सहसा कळत नाही. पट हा खेळाचाच एक भाग, त्यास स्वतंत्र कर्ता असावयाचे कारण काय, अशी काहीशी समजूत यामागे असावी. विसाव्या शतकाच्या शेवटच्या पादात संगणक मध्यमवर्गीयांच्या घरी येऊन पोहोचला, तेव्हा ही समजूत प्रथमच व्यवहारात तपासली गेली. खेळ विकत घेणाऱ्याच्या हाती खेळाबरोबर पट मांडण्याचे साधनही देण्यात आले. या प्रयोगाचे सर्वांत फलदायी आणि अभ्यासास सर्वांत सोयीचे उदाहरण म्हणजे १९८३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला ‘लोड रनर’ हा खेळ होय.

प्रारंभीच संज्ञांविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. संगणकीय खेळांत ज्याला सर्वत्र ‘लेव्हल’ म्हणतात त्यास येथे ‘पट’ म्हटले आहे, आणि ‘लेव्हल एडिटर’ यास ‘पटरचना-साधन’. ‘पातळी’ हा शब्द रूढ असला तरी तो चढत्या काठिण्याचा बोध करून देतो, रचनेचा नव्हे. आणि प्रस्तुत विवेचनात रचनेचाच प्रश्न मुख्य आहे.

इंग्रजीत खाणीतील धातूच्या शिरेस ‘लोड’ म्हणतात. त्या शिरेमागे धावणारा तो ‘लोड रनर’. खेळाचे कथानक नावापुरतेच आहे. बंगलिंग साम्राज्य नावाच्या एका कल्पित सत्तेने प्रजेचे सोने लुबाडून भूमिगत कोठारांत दडविले आहे, ते एकट्या धावकाने परत आणावयाचे, एवढेच. हे साम्राज्य ब्रॉडरबंड या प्रकाशनसंस्थेच्या इतर खेळांतही शत्रू म्हणून येते, व त्यामुळे त्याविषयी फार गांभीर्याने विचार करण्याचे कारण नाही. महत्त्व आहे ते नियमांना. पडद्यावर आडवी २८ आणि उभी १६, अशी एकूण ४४८ घरे असतात. धावक डावी-उजवीकडे धावतो, शिडीवर चढतो-उतरतो, आडव्या दांड्यास लोंबकळून पुढे सरकतो, आणि कितीही उंचीवरून पडला तरी त्यास इजा होत नाही. त्याला उडी मात्र मारता येत नाही. त्याच्याजवळ शस्त्र नाही. तो फक्त स्वतःच्या लगत डाव्या किंवा उजव्या अंगाची खालची वीट खणू शकतो. थेट पायांखालची वीट त्यास खणता येत नाही, आणि वीट खणावयाची तर तिच्या डोक्यावरचे घर मोकळे असावे लागते. खणलेला खड्डा काही वेळाने आपोआप बुजतो. मागे लागलेला पहारेकरी खड्ड्यात पडला तर काही क्षण अडकून राहतो, व तेवढ्यात धावक त्याच्या डोक्यावरून पलीकडे जातो. खड्डा बुजण्याच्या वेळी पहारेकरी आत असेल तर तो मरतो आणि वरच्या बाजूस पुन्हा जन्मतो. धावक आत असेल तर त्याचा एक जीव जातो. सर्व सोने गोळा झाले की काही ठिकाणी तोवर अदृश्य असलेली शिडी प्रकट होते आणि तीवरून माथ्यावर पोहोचताच पट संपतो.

इतक्या थोड्या नियमांतून कोडे कसे उत्पन्न होते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. विटांच्या तीन थरांखाली सोने आहे असे समजा. एक वीट खणून खड्ड्यात उतरले तर धावकाच्या दोन्ही बाजूंस विटाच उरतात. त्यांच्या खालच्या विटांवरील घर मोकळे नसल्याने पुढे खणता येत नाही, आणि धावक खड्ड्यात गाडला जातो. म्हणून सर्वांत वरच्या थरात शेजारी-शेजारी तीन विटा खणाव्या लागतात, तेथे उतरून दुसऱ्या थरात दोन, आणि मग तिसऱ्या थरात एक. एकूण सहा विटा, आणि त्याही पहिला खड्डा बुजण्याच्या आत. जो खेळाडू ही पायऱ्यांची विहीर स्वतः शोधून काढतो त्याला खेळाच्या व्याकरणातील पहिला समास सुटला असे म्हणावयास हरकत नाही. पुढे याहून अवघड प्रयोग येतात. पहारेकरी वाटेतील सोने उचलून नेतो आणि खड्ड्यात पडला की ते टाकतो; तेव्हा ज्या कोपऱ्यात धावकास जाणेच अशक्य, तेथील सोने पहारेकऱ्याकडून आणवून घ्यावयाचे, अशी योजना असलेले पट आहेत. पहारेकऱ्यांच्या चालीचा नियमही विलक्षण आहे. ते नेहमी धावकाच्या दिशेनेच येतात असे नाही. कित्येकदा धावक जवळ असता ते उलट दिशेस निघून जातात. नवख्यास हा दोष वाटतो. मुरलेला खेळाडू मात्र आपण कोठे उभे राहिलो असता पहारेकरी कोणत्या शिडीकडे वळेल हे ओळखून असतो, आणि शत्रूस गुरांसारखा हाकीत नेतो. चपळाईचा म्हणून विकला गेलेला हा खेळ वस्तुतः विचाराचा आहे तो या कारणाने. टेट्रिस या खेळाचे जनक अलेक्सी पाझितनोव यांनी आपल्या आवडीचा कोडेखेळ म्हणून ‘लोड रनर’चेच नाव घेतले आहे.

खड्डे खणून शत्रूस अडकविण्याची कल्पना मात्र ‘लोड रनर’ची नव्हे. १९७९ मध्ये टोकियो विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या एका मंडळाने ‘हेइआनक्यो एलियन’ हा खेळ रचला. त्यात प्राचीन क्योतो नगरीच्या रस्त्यांवर खड्डे खणून परग्रहवासीयांना गाडावयाचे असते. १९८० च्या ‘स्पेस पॅनिक’ या जपानी यंत्रखेळाने त्यात मजले व शिड्या आणल्या. त्याचेच अनुकरण असलेला ‘ॲपल पॅनिक’ हा बेन सेर्की यांचा खेळ १९८१ मध्ये खुद्द ब्रॉडरबंडने प्रकाशित केला होता. तेव्हा ‘लोड रनर’च्या पूर्वजांचा शोध घेणाऱ्यास फार दूर जावे लागत नाही. नवीन होते ते असे की या सर्व खेळांत शत्रूस मारणे हे साध्य होते, तर येथे ते केवळ साधन झाले.

आता खेळाच्या जन्मकथेकडे वळावयाचे. डग्लस स्मिथ हे सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात वास्तुशास्त्राचे विद्यार्थी होते. तेथील प्राइम ५५० या लघुसंगणकावर ‘काँग’ नावाचा एक खेळ विद्यार्थ्यांत चालत असे. तो फोर्ट्रान भाषेत लिहिलेला होता आणि त्यात चित्रे नव्हती. अक्षरे व विरामचिन्हे यांच्या जुळणीनेच शिड्या, विटा व माणसे दाखविली जात. तो संगणक विद्यापीठाच्या एकाच इमारतीपुरता मर्यादित असल्याने पुढे खेळ व्हॅक्स संगणकावर नेण्यात आला, आणि त्या वेळी त्यात पास्कल भाषेतील काही भाग मिसळले. हा खेळ एकट्या स्मिथ यांचा नव्हता. जेम्स ब्रॅट्सॅनोस या सहाध्यायाचे नाव या संदर्भात येते, आणि एका वृत्तांतानुसार तर मूळ बीज त्यांनी शालेय वयात कमोडोर पेट या संगणकावर रचलेल्या खेळात होते. विद्यापीठाच्या संगणककक्षात रात्री-अपरात्री जन्मणाऱ्या अशा कृतींचे कर्तृत्व वाटून देणे अवघड असते. एकाने कल्पना द्यावी, दुसऱ्याने आज्ञावली लिहावी, तिसऱ्याने ती दुसऱ्या यंत्रावर न्यावी, आणि बाकीच्यांनी खेळता खेळता नवे पट सुचवावे, असा तो व्यवहार असतो. लोकगीताच्या अभ्यासकांना हा प्रकार अपरिचित नाही. मात्र ज्या क्षणी असे गीत छापले जाते त्या क्षणी मुखपृष्ठावर एक नाव यावे लागते, आणि येथेही तसेच घडले.

१९८२ मध्ये स्मिथ यांनी तो खेळ ॲपल टू या गृहसंगणकावर आणावयाचे ठरविले. आपल्या लहान भाच्याच्या हट्टामुळे त्यांनी हे काम हाती घेतले असे सांगितले जाते. ६५०२ या संस्कारकाच्या यंत्रभाषेत एका शनिवार-रविवारात त्यांनी ओबडधोबड पण खेळता येण्याजोगी आवृत्ती तयार केली आणि तिला ‘मायनर’, म्हणजे खाणकामगार, असे नाव दिले. त्या वर्षाच्या ऑक्टोबरच्या सुमारास ती ब्रॉडरबंडकडे पाठविली. ही संस्था डग आणि गॅरी कार्लस्टन या बंधूंनी १९८० मध्ये स्थापन केलेली होती, व तिच्या नावातही बंधुत्वच आहे. तिच्याकडून एका ओळीचे नकारपत्र आले. ‘ॲपल पॅनिक’चे प्रकाशक या नात्याने त्यांना हा खेळ आपल्या मालिकेत न बसणारा वाटावा, यात थोडा विनोद आहे, परंतु नकार देणाऱ्याच्या समोर काय होते हेही लक्षात घ्यावयास हवे. त्या आवृत्तीत रंग नव्हते, हातदांड्याची सोय नव्हती, आणि आकृत्या एका घरातून दुसऱ्या घरात एकदम उडी घेत. स्मिथ यांनी उसने पैसे काढून रंगीत पडदा व हातदांडा घेतला, खेळ सुधारला, ‘लोड रनर’ असे नवे नाव दिले, आणि नाताळच्या सुमारास तो एकदम चार प्रकाशकांकडे धाडला. या वेळी चौघांनीही होकार कळविला. स्मिथ यांनी निवड केली ती ब्रॉडरबंडचीच. संस्थेने १०,००० डॉलर आगाऊ दिले आणि दोन गोष्टी मागितल्या : एका घरातून दुसऱ्या घरात जाताना आकृती सहजपणे चालावी, आणि पट १५० असावेत.

दुसऱ्या मागणीकडे आजवर फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. पण खेळाचे पुढील सर्व चरित्र तिने ठरविले असे दिसते. त्या काळच्या बहुतेक खेळांत पाच-सात पट असत आणि ते संपले की वेग वाढवून तेच पुन्हा दाखविले जात. १५० भिन्न पट मांडावयाचे तर प्रत्येक पट यंत्रभाषेत हाताने लिहिणे शक्य नव्हते. पट मांडण्याचे साधन कर्त्यालाच हवे होते. ते साधन खेळाबरोबर ग्राहकासही देण्यात आले, हा निर्णय मात्र सर्वस्वी वेगळा होता. बिल बज यांच्या ‘पिनबॉल कन्स्ट्रक्शन सेट’ने जवळजवळ त्याच सुमारास असे एक साधन लोकांपुढे ठेवले होते, पण तेथे रचना हाच खेळ होता. ‘लोड रनर’मध्ये खेळ पूर्ण होता, आणि रचना त्यावर वरकड मिळाली.

साधनाचे स्वरूप अत्यंत साधे आहे. कळफलकावरील ० ते ९ हे दहा अंक म्हणजे दहा वस्तू. ० म्हणजे रिकामे घर, १ खणता येणारी वीट, २ खणता न येणारा दगड, ३ शिडी, ४ लोंबकळण्याचा दांडा, ५ विटेसारखी दिसणारी पण पाय ठेवताच खाली पाडणारी फसवी वीट, ६ शेवटी प्रकट होणारी गुप्त शिडी, ७ सोने, ८ पहारेकरी, आणि ९ स्वतः धावक. दर्शक चिन्ह इष्ट घरावर न्यावयाचे आणि अंक दाबावयाचा, की वस्तू तेथे बसली. पहारेकरी पाचाहून अधिक चालत नाहीत, एवढे बंधन. मांडलेला पट लगेच खेळून पाहता येतो, पुसता येतो, एका क्रमांकावरून दुसऱ्या क्रमांकावर हलविता येतो. आणि कोरी तबकडी सिद्ध करून तीवर आपले पट साठविण्याची आज्ञाही त्याच यादीत आहे. संगणकाची भाषा येण्याची आवश्यकता कोठेही पडत नाही. दहा आकडे ओळखणारे मूल पट मांडू शकते.

हे साधेपण कसे साधले याचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. दहा वस्तूंपैकी एक दर्शविण्यास चार द्विमान अंक पुरतात, म्हणजे एका बाइटमध्ये दोन घरे बसतात. ४४८ घरांस २२४ बाइट लागतात. ॲपल टूच्या फ्लॉपी तबकडीचा एक खंड २५६ बाइटांचा. तेव्हा एका पटास एक खंड दिला की काम भागते, आणि वर थोडी जागा उरते. तबकडीवर असे ५६० खंड असत, त्यांतील १५० पटांकडे गेले तरी अडचण नव्हती. पटाच्या आकारापासून साठवणीच्या पद्धतीपर्यंत सर्व गोष्टी एकमेकींत अशा बसल्या आहेत की त्यांपैकी कोणती आधी ठरली आणि कोणती मागून, हे सांगणे कठीण. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या कामात विटेचे माप आणि भिंतीचे माप यांचा असा मेळ दिसावा, यास योगायोग म्हणता येईल. तो सुखद योगायोग आहे एवढे मात्र खरे.

यातून एक परिणाम असा झाला की कर्त्याचे पट आणि ग्राहकाचे पट यांत यंत्राच्या दृष्टीने काहीच भेद उरला नाही. सिॲटलच्या विद्यार्थ्याने मांडलेला पहिला पट आणि दूरच्या एखाद्या घरी आठ वर्षांच्या मुलीने रविवारी दुपारी मांडलेला पट, दोन्ही त्याच २२४ बाइटांत, त्याच दहा चिन्हांनी लिहिलेले. छापखान्याच्या शोधानंतरही लेखक आणि वाचक यांच्यामध्ये खिळे जुळविणारा, यंत्र चालविणारा आणि पुस्तक विकणारा उभा होताच. येथे तो उभा नाही. अर्थात वितरणाच्या बाबतीत तो होता : मुलीचा पट तिच्या तबकडीवरच राहत असे, आणि फार तर मित्रमैत्रिणींच्या हाती जात असे. ही असमानता साधनाने नाहीशी केली नाही.

ती काही अंशी नाहीशी करण्याचा प्रयत्न प्रकाशकानेच केला. १९८४ मध्ये ‘चॅम्पियनशिप लोड रनर’ प्रसिद्ध झाला. त्यातील ५० पट हे मूळ खेळाच्या चाहत्यांनी पटरचना-साधनाने मांडून पाठविलेल्यांतून निवडलेले होते, आणि ते मूळ १५० पटांच्या तुलनेने भयंकर कठीण आहेत. सर्व पट पार करणारास संस्थेकडून प्रमाणपत्र मिळत असे. मूळ खेळात कर्ता खेळाडूस शिकवीत होता. येथे खेळाडूच इतर खेळाडूंची परीक्षा घेऊ लागले. पट किती कठीण असावा याविषयी सामान्य रचनाकार काही मर्यादा पाळतो, कारण त्यास ग्राहक गमवावयाचा नसतो. चाहत्यास ती भीती नसते. पहारेकऱ्याच्या डोक्यावरून चालत जाणे, त्याच्या विचित्र वळणाचा फायदा घेऊन त्याच्या हातून सोने आणविणे, खड्डा बुजण्याच्या शेवटच्या क्षणाचा हिशेब करणे, या सर्व गोष्टी मूळ पटांत अपवाद होत्या, त्या येथे नियम झाल्या. आणि लक्षणीय गोष्ट ही की या खेळात पटरचना-साधन देण्यात आले नाही. ज्यांच्या पटांनी हा ग्रंथ भरला त्यांच्याच हातातून लेखणी काढून घ्यावी, असा हा प्रकार दिसतो. प्रकाशकाच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की साधन ज्यांना हवे होते त्यांच्यापाशी मूळ खेळ होताच.

जपानमध्ये या खेळास जे यश लाभले ते अमेरिकेतील यशाहूनही मोठे होते. हडसन सॉफ्ट या कंपनीने जुलै १९८४ मध्ये तो निन्तेंदोच्या फॅमिकॉम या घरगुती खेळयंत्रासाठी आणला. निन्तेंदोव्यतिरिक्त अन्य कंपनीने त्या यंत्रासाठी काढलेल्या अगदी आरंभीच्या खेळांपैकी हा एक होय, आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. आकृत्या मोठ्या केल्यामुळे संपूर्ण पट एका दृष्टिक्षेपात मावेना. तो धावकाबरोबर सरकू लागला. कोड्याच्या दृष्टीने हे नुकसानच होते, कारण सारा पट नजरेसमोर ठेवून विचार करणे हा या खेळाचा आत्मा. तथापि पटरचनेची सोय या आवृत्तीतही राखली गेली. फॅमिकॉमला तबकडी नव्हती. त्यासाठी निराळी विकली जाणारी ध्वनिफितीची जोडणी वापरून मांडलेला पट फितीवर उतरविता येत असे. ‘एक्साइटबाइक’ या निन्तेंदोच्याच खेळाने त्याच वर्षी हीच सोय दिली. (या आवृत्तीतील पहारेकऱ्याची आकृती हडसनने १९८५ च्या ‘बाँबरमॅन’ या खेळाचा नायक म्हणून पुन्हा वापरली, शत्रूला असे नायकपद क्वचितच मिळते.)

भारताचा या इतिहासाशी संबंध येतो तो या जपानी आवृत्तीच्या द्वारे. १९९० च्या दशकात फॅमिकॉमच्या नकला असलेली स्वस्त यंत्रे येथील बाजारात मुबलक आली, आणि महाराष्ट्रातही शहरांतून व तालुक्यांच्या गावांतून ती ‘व्हिडिओ गेम’ या एकाच नावाने ओळखली जात. त्यांबरोबर मिळणाऱ्या, एकात अनेक खेळ असलेल्या कॅसेटींपैकी कित्येकांत ‘लोड रनर’ असे. नकलेत मूळ खेळ जसाच्या तसा उतरला होता, म्हणून पटरचनेचा पर्यायही यादीत दिसे आणि चालेही. फितीची जोडणी मात्र या यंत्रांबरोबर येत नसे. मे महिन्याच्या सुट्टीत मांडलेला पट यंत्राचे बटण बंद करेपर्यंतच जगे; वीज गेली तर तेवढाही नाही. मराठी घरांतून किती पट असे मांडले गेले आणि पुसले गेले याची गणती होणे शक्य नाही, कारण पुराव्याचा कणही मागे राहण्याची तेथे सोय नव्हती. पुढच्या पिढीच्या रचनाकारांविषयी बोलताना हा तपशील विसरता कामा नये : साधन सर्वत्र पोहोचले, साठवण पोहोचली नाही.

पटरचना-साधनाचा पुढील वंशविस्तार सर्वपरिचित आहे आणि त्याची येथे पुनरुक्ती करण्याचे प्रयोजन नाही. ‘बोल्डर डॅश’च्या रचनासंचापासून आणि ब्रिटनमधील ‘रेप्टन ३’पासून — दोन्ही १९८६ चे — थेट २०१५ च्या ‘सुपर मारिओ मेकर’पर्यंत ती परंपरा चालत आली. त्यांतील एकच दुवा सांगण्यासारखा आहे, कारण तो ब्रॉडरबंडच्याच घरातला आहे. विल राइट यांनी १९८४ मध्ये त्या संस्थेसाठी ‘रेड ऑन बंगलिंग बे’ हा त्याच कल्पित साम्राज्यावरील हल्ल्याचा खेळ रचला. बेटे व कारखाने मांडण्यासाठी त्यांनी स्वतःपुरते एक साधन केले होते, आणि बाँब टाकण्यापेक्षा त्या साधनाने शहरे वसविण्यातच आपणास अधिक रस वाटतो असे त्यांच्या लक्षात आले. त्यातून १९८९ मध्ये ‘सिमसिटी’ जन्मास आला. कर्त्याच्या टेबलावरील अवजार हाच ग्राहकास द्यावयाचा खेळ होऊ शकतो, हा शोध एकाच संस्थेच्या परिसरात थोड्या अंतराने दोनदा लागला.

‘सुपर मारिओ मेकर’शी तुलना केल्यास ‘लोड रनर’च्या साधनातील एक उणीव ठळकपणे दिसते, आणि तिचा विचार करता ती उणीव म्हणावी की नाही असा प्रश्न पडतो. आधुनिक साधनात पट इतरांसमोर मांडण्यापूर्वी रचणाऱ्याने तो स्वतः पार करून दाखवावा लागतो. १९८३ च्या साधनात अशी अट नाही. चहूबाजूंनी दगडाने वेढलेले सोने, धावकाविना पट, शिडीविना पट, काहीही मांडावे. यंत्र हरकत घेत नाही. ते घेऊही शकत नव्हते. एखादा पट सुटणारा आहे की नाही हे यंत्राने आपण होऊन ठरवावे, ही अपेक्षा वाटते तितकी सोपी नाही. इटालियन संशोधक जोव्हानी व्हिलिएत्ता यांनी २०१२ मध्ये अनेक जुन्या खेळांच्या गणिती काठिण्याचा विचार केला. त्यांत ‘लोड रनर’ही आहे. पटाचा आकार कितीही वाढू दिला तर तो सुटतो किंवा नाही हे ठरविण्याचा प्रश्न ज्या वर्गात पडतो, त्या वर्गातील प्रश्नांस सर्व प्रसंगी लागू पडणारी जलद रीत आजवर कोणास सापडलेली नाही. ४४८ घरांच्या सान्त पटास हा सिद्धान्त शब्दशः लागू होत नाही हे खरे. परंतु ४८ हजार बाइटांच्या स्मृतीत काम करणाऱ्या यंत्राकडून ती परीक्षा होणे नव्हते, हेही तितकेच खरे. तेव्हा पट सुटणारा आहे याची हमी रचणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर सोपविली गेली. वर्गात भूमितीचे प्रमेय घालणाऱ्या शिक्षकास उत्तर ठाऊक असते. मित्रास ‘हा सोडवून दाखव’ म्हणून तबकडी देणाऱ्या मुलास ते ठाऊक असेलच असे नाही. काही पट निव्वळ कुरापतीसाठी मांडले जात असणार.

अलीकडे या खेळाकडे संशोधकांचे लक्ष पुन्हा वळले आहे, व त्याचे कारण निराळेच आहे. संगणकाकरवी नवे पट निर्माण करावयाचे तर त्यास शिकविण्यासाठी जुने पट हवेत, आणि ते एकसारख्या साच्यात हवेत. ‘लोड रनर’चे १५० पट या कामास फारच सोयीचे : आकार एकच, चिन्हे थोडी, कर्ता ज्ञात. २०१६ मध्ये सिद्ध झालेल्या खेळपटांच्या एका अभ्याससंग्रहात ते समाविष्ट करण्यात आले, आणि तेव्हापासून यंत्रशिक्षणाच्या प्रबंधांत ते उदाहरणादाखल वारंवार येतात. ही गोष्ट स्वागतार्ह असली तरी तिच्यामुळे एक मोठा गैरसमज रूढ होण्याचा धोका आहे. ‘लोड रनर’चे पट म्हणजे ते १५० पट, असे समीकरण होऊन बसेल. ज्या खेळाची ऐतिहासिक विशेषता हीच की त्याचे पट कोणासही मांडता येत होते, त्याचा अभ्यास केवळ प्रकाशकाने छापलेल्या पटांवर व्हावा, हे ओव्यांचा अभ्यास फक्त छापील संग्रहांवरून करण्यासारखे आहे. जात्यावर बसणारी बाई संग्रहात नसते.

ग्राहकांनी मांडलेले पट उपलब्ध होणे अशक्य नाही. स्मिथ यांचे २०१४ मध्ये निधन झाले; ब्रॉडरबंड ही संस्था १९९८ मध्येच दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली होती. पण ॲपल टूच्या जुन्या तबकड्या अद्याप माळ्यांवर व तळघरांत पडलेल्या आहेत, आणि त्यांवरील चुंबकीय खुणा वाचून त्यांची प्रतिकृती करण्याचे काम अमेरिकेत व युरोपात अनेक संग्राहक निष्ठेने करीत आहेत. चुंबकीय लेप चाळीस वर्षांनंतर विश्वसनीय राहत नाही, म्हणून हे काम निकडीचे आहे. त्यातही साहजिकच प्राधान्य मिळते ते दुकानातून विकल्या गेलेल्या मूळ तबकड्यांना. घरी सिद्ध केलेल्या, साध्या कोऱ्या तबकडीला संग्राहक अनेकदा हातही लावीत नाही. तीवर नवे काहीतरी लिहून ती पुन्हा उपयोगात आणली जाण्याचा संभवही असतो. ‘लोड रनर’साठी सिद्ध केलेली तबकडी तर बाहेरून इतर कोणत्याही तबकडीसारखीच दिसते, आणि खेळाच्या मदतीवाचून तिच्यातील मजकूर अर्थहीन अंकांच्या रांगेसारखा भासतो.

अशी तबकडी सापडली आणि वाचलीही गेली, तरी अभ्यासकापुढे आणखी एक अडचण उभी राहते. पटास या पद्धतीत फक्त क्रमांक असतो. त्याला नाव देण्याची सोय साधनात नाही, रचणाऱ्याचे नाव नोंदण्याची नाही, तारखेचीही नाही. खंडात उरलेली थोडी जागा कर्त्याच्या स्वाक्षरीसाठी वापरावी हे कोणास सुचले नाही. काही मुलांनी त्यावर विटा व शिड्या यांनीच आपली आद्याक्षरे पटाच्या मध्यभागी मांडून उपाय शोधला असावा. अठ्ठावीस घरांच्या रुंदीत दोन-तीन इंग्रजी अक्षरे सहज बसतात, आणि असा पट हाती आला तर तो कोड्यापेक्षा शिलालेख म्हणून वाचावा लागेल. बाकीच्या पटांविषयी जे काही समजावयाचे ते तबकडीच्या वेष्टनावर पेनाने लिहिलेल्या चिठ्ठीवरूनच. प्रतिकृती करताना तबकडीतील प्रत्येक बाइट जपला जातो, पण ती चिठ्ठी पुष्कळदा टिपून ठेवली जात नाही. जेथे जेथे अशा तबकड्यांचे संग्रह होत असतील तेथे चिठ्ठीचे छायाचित्र प्रतिकृतीबरोबर ठेवावे, आणि तीवरील हस्ताक्षर एकाहून अधिक असल्यास तशी स्वतंत्र नोंद करावी.